दोन बाजूंची तबकडी

दिवाळीत आमच्या घरी फराळाचे खाते सौभाग्यवतींकडे आणि आवाजाचे खाते नातवाकडे असते. नातवाच्या खोलीत ड्रमसेट आहे. शेजाऱ्यांचे फटाके चार दिवसांत संपतात. आमच्याकडे बारा महिने लक्ष्मीपूजन!

यंदा मात्र वसुबारसेच्या आदल्या दिवशी घर चिडीचूप. खोलीत डोकावलो, तर ड्रमसेटवर जुनी चादर पांघरलेली आणि स्वारी भिंतीकडे तोंड करून पडलेली. चौकशीअंती कळले, की गिटार वाजवणारा मित्र नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि गाणारा, म्हणजे ओरडणारा, शिक्षणासाठी जर्मनीला.

"बँड संपला, आजोबा. ड्रम विकायला काढलेत. रविवारी गिऱ्हाईक येतंय."

सूनबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सुटलो, असे मीही म्हणणार होतो. पण विशीतला पोर असा पडलेला पाहवेना. खुर्ची ओढून म्हणालो, "विकण्याआधी एकदा समजावून तरी सांग. हे आहे तरी काय?"

तो उठला आणि त्याने कपाटातून एक तबकडी काढली. तिचे नाव 'स्कम', म्हणजे पाण्यावरचा घाणेरडा तवंग. वाद्यवृंदाचे नाव 'नेपाम डेथ'. व्हिएतनामात आकाशातून आग पडली ती याच नेपामची. आणि तबकडी काढणाऱ्या नॉटिंगहॅमच्या कंपनीचे नाव 'इअरेक', म्हणजे चक्क कानदुखी! इतका प्रामाणिक दुकानदार मी आजवर पाहिला नव्हता.

मग इतिहास निघाला. बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्री यांच्यामध्ये मेरिडेन नावाचे खेडे आहे. इंग्लंडचा मध्यबिंदू तो हाच, असा तिथला जुना दावा. १९८१ मध्ये निक बुलेन आणि माइल्स रॅटलेज या दोन शाळकरी पोरांनी तिथे हा उद्योग आरंभिला. युद्धावर राग, बड्या कंपन्यांच्या हावेवर राग, आणि तो बोलून दाखवायला मिसरूड न फुटलेले तोंड. पुढे बर्मिंगहॅमच्या 'मर्मेड' नावाच्या गुत्त्यात त्यांचे कार्यक्रम होऊ लागले. माणसे येत, भांडत, निघून जात. रॅटलेज गेला, त्याच्या जागी ड्रमवर मिक हॅरिस आला आणि लय चौपट झाली. पायाचा ढोल आणि हातातला ताशा यांवर आळीपाळीने इतके जलद ठोके, की लवंगी माळ लागल्याचा भास व्हावा. याला ते 'ब्लास्ट बीट' म्हणतात.

ऑगस्ट १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका स्टुडिओत थोडक्या पैशांत, घाईघाईने पहिली बाजू ध्वनिमुद्रित झाली. बुलेन गायला, हॅरिसने ड्रम वाजवले, आणि गिटारवर होता पोरसवदा जस्टिन ब्रॉडरिक. या बाजूवर बारा गाणी. बारावे तर गिनीज बुकात गेलेले! 'यू सफर' हे गाणे १.३१६ सेकंदांचे. त्यात चार शब्द, आणि दुःखाविषयी एक प्रश्न. नातवाने ते लावले. मी चष्मा सावरेपर्यंत संपले होते.

"कळलं?"

"फटाका वाजला एवढं कळलं. उलट आता तबकडी."

तो थांबला. "आजोबा, दुसऱ्या बाजूला माणसंच दुसरी आहेत."

म्हणजे असे, की पहिली बाजू झाल्यावर ब्रॉडरिक दुसऱ्या बँडमध्ये गेला. पाठोपाठ बुलेनही. ज्यांनी घर बांधले त्यांतला एकही उरला नाही. मे १९८७ मध्ये ली डोरियन, बिल स्टीअर आणि जिम व्हाइटली हे तीन नवे गडी घेऊन त्याच स्टुडिओत उरलेली सोळा गाणी झाली.

"आणि ड्रमवाला?"

"तो तोच. मिक हॅरिस."

एवढे बोलून नातू गप्प झाला. मीही.

कॉलेजात असताना मी तबला वाजवीत असे. गाणारा मित्र एकच. मेळ्यात, संमेलनांत आमची जोडी असायची. त्याची बदली नागपूरला झाली आणि मी डग्गा-तबला माळ्यावर टाकला. "गायकच नाही, तर ठेका धरू कुणासाठी?" हे वाक्य मी त्यानंतर पन्नास वर्षे मोठ्या ऐटीत सांगत आलो. लोक हळहळत. त्या मित्राने मात्र नागपुरात दुसरा तबलजी शोधला आणि तो म्हातारपणापर्यंत गात राहिला, हे मी कुणाला सांगत नसे. त्या दिवशी नातवाला सांगितले.

पुढची हकिगत त्याने आपणहून सांगितली. १९८७ च्या जुलैत तबकडी निघाली. अठ्ठावीस गाणी, तेहतीस मिनिटे. बी.बी.सी.वर जॉन पील नावाचे गृहस्थ नवनवीन गाणी ऐकवीत. त्यांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी या पोरांना बोलावून रेडिओसाठी वाजवायला लावले. सोडून गेलेलेही वाया गेले नाहीत. ब्रॉडरिकने 'गॉडफ्लेश' काढला, डोरियनने 'कॅथीड्रल'. स्टीअरचा 'कार्कस' होताच. हॅरिसनेही १९९१ मध्ये 'नेपाम डेथ' सोडला. त्या तबकडीवरचा एकही माणूस आज त्यात नाही, पण बँड वाजतोच आहे. २०१३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यांचा कार्यक्रम ठरला होता. हादऱ्याने इमारतीला इजा होईल, या भीतीने म्युझियमने तो रद्द केला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी हे मुद्दाम सांगितले. आपल्या तक्रारीला असा भारदस्त आधार मिळाल्याने त्या खूष झाल्या.

रविवारी गिऱ्हाईक आले आणि चहा पिऊन परत गेले. पाडव्याला नातवाने चादर काढली. सध्या एकटाच वाजवतो. सायंकाळी पाच ते सहा, खिडक्या लावून, असा तह झाला आहे. सूनबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याने विचारले, "आजोबा, खरं सांगा, आवडलं का तुम्हांला?"

"मुळीच नाही," मी म्हणालो. "पण स्टूल आण. माळ्यावरून डग्गा-तबला काढायचाय."

शाई पार सुकली आहे, वाद्या कुरतडलेल्या आहेत. दुरुस्तीला टाकला आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत देतो म्हणाला.