डीव्हीडी राईट झाली, पण लागली का?

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठी बोलते घरच्यासारखी, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ आडवे येतात, आणि कुणी ‘सत्तेचाळीस’ म्हटलं की मनातल्या मनात आधी फॉर्टी सेव्हन करून घ्यावं लागतं. तेव्हा संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. विषय मात्र आपल्या सगळ्यांचा आहे. विषय आहे वाया गेलेल्या तीन डीव्हीडींचा!

“डीव्हीडी? आत्ता? कुठल्या काळात राहतेस गं तू?” हे माझ्या रूम पार्टनरचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, “पेन ड्राईव्हमध्ये टाक, नाहीतर लिंक पाठव.” तुमच्याही मनात हेच आलं असेल. म्हणून थोडं मागून सांगते.

आमचं गाव तेलगाव. बीडहून परळीला जाताना वडवणी मागे टाकलं की लागतं, धारूर तालुक्यातलं. सीझन सुरू झाला की सुंदरनगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि त्या ट्रॉल्यांमधून वाट काढत एसटी पुढे सरकते. आजी तिथेच राहते. तिच्याकडे एक टीव्ही आहे आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी जोडलेला एक जुना डीव्हीडी प्लेयर. त्याला पेन ड्राईव्ह लावायची सोयच नाही. स्मार्टफोन ती वापरत नाही, “बोट कुठं लावावं ते कळंना” म्हणते. प्लेयरचं मात्र तिला सगळं येतं. ट्रे बाहेर, डिस्क आत, बटण दाबलं की झालं.

2024 च्या दिवाळीत ती मला म्हणाली, “तुझ्या आत्याच्या लग्नाची शिडी आडकायली. नवी करून दे. आन् तुझ्या आजोबाचं मोबाईलमधलं बी त्याच्यातच घाल. येवढं काम्प्युटर शिकायलीस तर!”

लग्न 2003 सालचं, माझ्या जन्माच्या आधीचं. तीन व्हीसीडी, मिळून पावणेतीन तासांच्या वर. आजोबा त्यात मांडवात फिरताना दिसतात, पंगतीत आग्रह करताना दिसतात, कन्यादानाच्या वेळी डोळे पुसताना दिसतात. पण शूटिंगवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवलेली! पावणेतीन तासांत आजोबांचा एक शब्द ऐकू येत नाही. त्यांचा आवाज फक्त एकाच ठिकाणी आहे, आईच्या जुन्या बटणाच्या मोबाईलवर 2011 मध्ये काढलेल्या क्लिपमध्ये. त्यांना वाटलं फोटो काढतायत. म्हणून बिचारे ताठ बसून राहिले आणि बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, “निघाला का गं फोटू? हालू का आता?” सगळी मिळून सत्तेचाळीस सेकंद. 2013 मध्ये आजोबा गेले.

आता कळलं ना, लिंक का पाठवता येत नाही ते?

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. बाबांच्या जुन्या लॅपटॉपला डीव्हीडी रायटर होता. पहिलीच ठेच डिस्क वाचतानाच लागली. दुसरी व्हीसीडी कॉपी करताना स्क्रीनवर ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ची एरर. हे नाव वाचून मला हसूच आलं. अहो, हेच सीआरसी आपण नेटवर्क्सच्या पेपरला पाठ करून लिहितो, दहा मार्कांना! ते खऱ्या आयुष्यात भेटेल असं वाटलं नव्हतं. अर्थ सरळ आहे, वाचलेला डेटा आणि त्याची तपासणीची बेरीज जुळत नाही. व्हीसीडीत हे जास्त होतं, त्यालाही कारण आहे. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये 2048 बाईट डेटा ठेवतात आणि उरलेली बरीच जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखतात. व्हीसीडीत चित्र मावावं म्हणून तीच जागा वापरून 2324 बाईट भरतात. म्हणजे चरा पडला की सावरून घ्यायला कमी लोक! मऊ कापडाने आतून बाहेर सरळ पुसलं (गोल गोल पुसायचं नाही, चरा ट्रॅकच्या दिशेने पडला तर जास्त नडतो), आणि खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून बघणारं सॉफ्टवेअर लावलं. वरातीतले काही सेकंद गेले, बाकी सगळं आलं.

मग मी तिन्ही फाईल्स आणि आजोबांची क्लिप एमपी-फोर करून डिस्कवर टाकली. लॅपटॉपवर मस्त चालली. आजीच्या प्लेयरवर ‘नो डिस्क’. पहिली डीव्हीडी वाया. चूक माझीच, मी डीव्हीडीवर फाईल कॉपी केली होती, डीव्हीडी व्हिडिओ बनवला नव्हता. जुन्या प्लेयरला फाईल म्हणजे काय ते माहीतच नसतं. त्याला व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर लागतो, त्यात ठरलेल्या नावांच्या व्हीओबी आणि आयएफओ फाईल्स, चित्र एमपेग-2 किंवा एमपेग-1 चं, आपल्याकडे पाल पद्धतीने सेकंदाला 25 फ्रेम, आणि आवाज 48 किलोहर्ट्झचा.

दुसऱ्या वेळी हे सगळं केलं. हौसेने चित्र मोठं केलं, 720 बाय 576. तर ‘जागा अपुरी’! डिस्कवर 4.7 जीबी लिहिलेलं असतं ते हजाराच्या हिशोबाने, विंडोज मोजतं 1024 च्या हिशोबाने, त्यामुळे तिथे ते 4.38 च्या आसपासच दिसतं. मग बिटरेट कमी करत करत कसंबसं काठोकाठ बसवलं. गोड शेवट हवा म्हणून आजोबांची क्लिप सगळ्यात शेवटी ठेवली. घाई होती म्हणून 16 एक्स स्पीडने राईट केली. ‘बर्न सक्सेसफुल’ आलं, व्हेरिफायही झालं. आजी समोर बसली, लग्न लागलं, पंगत उठली, वरात निघाली... आणि चित्राचे चौकोन चौकोन होऊन डिस्क अडकली. आजोबा आलेच नाहीत.

आजी काही बोलली नाही. “ऱ्हाऊ दे, जेव आता,” एवढंच म्हणाली. ते जास्त लागलं.

सुट्टी संपवून हॉस्टेलला आले आणि लॅबमधल्या काकांना जाऊन सांगितलं, “काका, डीव्हीडी चालत नाहीये.” काकांनी एकेकाळी फायनल इयरवाल्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टसोबतच्या ढिगाने सीड्या मारल्यात. ते म्हणाले, “चालत नाही म्हणजे काय? प्लेयरला दिसतच नाही, की दिसते पण सुरू होत नाही, की सुरू होऊन अडकते? अडकते तर कुठे? दर वेळी तिथेच का?” मला एकाचंही उत्तर धड देता येईना. इतके दिवस मी एका वेळी तीन-तीन गोष्टी बदलत होते, सॉफ्टवेअरही, स्पीडही, सेटिंगही. त्यामुळे काय केल्याने काय झालं, हेच मला माहीत नव्हतं. प्रॅक्टिकलला असं रीडिंग घेतलं असतं तर सरांनी जर्नल फेकून दिलं असतं!

काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. शेवटचा भाग बाहेरच्या कडेला येतो, आणि बोटांचे डाग, चरे, थराचे दोष तिथेच जास्त सापडतात. माझी डिस्क काठोकाठ भरलेली, आणि सगळ्यात मोलाची सत्तेचाळीस सेकंदं मी नेमकी कडेला नेऊन ठेवलेली. दुसरं म्हणजे स्पीड. राईट करताना लेझर रंगद्रव्याचा थर तापवून खुणा करतो. फार घाई केली तर त्या खुणा नीट उमटत नाहीत. नवा ड्राईव्ह कसंतरी वाचून नेतो, म्हाताऱ्या प्लेयरला ते झेपत नाही. पण म्हणून अगदी कमीत कमी स्पीड लावायचा असंही नाही, डिस्क आणि रायटर दोघांना मानवेल असा मधला घ्यायचा. आम्ही 8 एक्स घेतला.

तिसरी गोष्ट मी स्वतः शोधली, आणि तिचा मला जरा अभिमान आहे. व्हीसीडीचं मूळ चित्रच 352 बाय 288 चं असतं. ते ताणून 720 बाय 576 केल्याने नवं काहीच दिसत नाही, ते फक्त दुधात पाणी घालून दूध वाढवणं. डीव्हीडीला 352 बाय 288 चं एमपेग-1 चित्र जसंच्या तसं चालतं. व्हीसीडीचा आवाज 44.1 किलोहर्ट्झचा असतो, तेवढा 48 चा करायचा. म्हणजे चित्राला हातच लावायचा नाही! सगळा मजकूर साडेचार जीबीवरून पावणेदोनवर आला, अर्धी डिस्कही भरली नाही. बाहेरच्या कडेचा प्रश्नच मिटला. क्लिप मी पहिल्या नंबरला आणली.

डिसेंबरमध्ये शनिवार-रविवार धरून तेलगावला गेले. डिस्क लागली, शेवटपर्यंत चालली. मी खूश. पण आजी म्हणाली, “आधी आवाज यायला, तोंड मागून हालायलं. आसं नव्हते बोलत ते.”

खरं सांगू? मला ते जाणवलंच नव्हतं. मी फक्त डिस्क अडकते का ते बघत होते. ती माणूस बघत होती.

दोष क्लिपमध्ये नव्हता. त्या जुन्या मोबाईलने सेकंदाला कधी 15 फ्रेम टिपल्या, कधी उजेड कमी म्हणून 9. माझ्या कन्व्हर्टरने सगळ्या सारख्या अंतराच्या समजून घेतल्या, म्हणून चित्र आवाजापासून सरकत गेलं. मग प्रत्येक फ्रेमची मूळ वेळ जपून आधी स्थिर 25 फ्रेमची फाईल केली. आवाज 8 किलोहर्ट्झचा होता, तो 48 चा केला. चित्र होतं 176 बाय 144, नेमकं दुप्पट केलं की 352 बाय 288! आणि या वेळी शहाणपण आलं होतं, डिस्क मारण्याआधी इमेज फाईल बनवून ती व्हीएलसीमध्ये ओठांकडे बघत बघत तपासली. राईट झाल्यावर डिस्क फायनलाईज केली की नाही तेही पाहिलं. ते राहिलं तर बरेचसे प्लेयर डिस्क ओळखतच नाहीत.

2025 च्या संक्रांतीला चौथी डिस्क लागली. “निघाला का गं फोटू? हालू का आता?” आजी स्क्रीनकडे बघून म्हणाली, “हाला आता.” आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

तर मित्रांनो, माझं मत एवढंच आहे. आपण ‘सक्सेसफुल’ हा शब्द फार लवकर वापरतो. माझ्या मशीनवर चालतंय, म्हणजे माझं काम संपलं, असाइनमेंट असो की प्रोजेक्ट. पण ज्याच्यासाठी केलं त्याच्या मशीनवर, त्याच्या सवयीत, त्याच्या डोळ्यांना ते चालतंय का, ही परीक्षा आपण देतच नाही. उलट त्यालाच म्हणतो, तुमचं मशीन जुनं आहे. आजीचं मशीन जुनं आहे हे खरंच. पण चार डिस्कपैकी तीन माझ्या चुकीने फसल्या, त्याच्या नाही.

यावर कुणी म्हणेल, डीव्हीडी तरी किती दिवस? बरोबर आहे. व्हीसीआर बनवणारी जपानमधली शेवटची कंपनी फुनाई जुलै 2016 मध्ये थांबली. आपल्याकडच्या कोऱ्या डिस्कवर ज्यांचं नाव घरोघर दिसायचं ती मोझर बेअर 2018 मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली. आणि आमची डिस्क लागली त्याच्या पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी 2025 मध्ये, सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेट बनवणं बंद केलं. म्हणूनच डीव्हीडी ही आजीसाठी, जपणुकीसाठी नाही. मूळ फाईल्स मी न बदलता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्यात, एक तेलगावला आणि एक माझ्याकडे.

सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. 1901 मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले ते स्वागतही टिपलं. आपल्या देशातलं हे अगदी सुरुवातीचं चित्रीकरण. आज ते आपण पुस्तकात वाचतो, बघायला मिळत नाही. त्यांच्याकडे दुसरी कॉपी काढायचं साधन आपल्याइतकं सोपं नव्हतं. आपल्याकडे आहे, फक्त आपण सुट्टीत झोपा काढतो!

या सुट्टीत घरी गेलात की टीव्हीखालच्या कप्प्यात बघा. पिवळ्या पडलेल्या कव्हरमध्ये कुणाचं तरी लग्न असेल, बारसं असेल. आईचा बंद पडलेला मोबाईल असेल. वाचता येतंय तोवर काढून घ्या. एरर आली तर डिस्क फेकू नका, आधी ती एरर नीट वाचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. अडलं तर आमच्या रूमवर या. डीव्हीडी रायटर काकांकडे आहे, पण कोऱ्या डिस्क माझ्याकडे अजून सहा शिल्लक आहेत.