हरलेल्या संघाला दुसरी मॅच द्या

"आपल्या कॉलेजची फुटबॉल टीम यंदा हरली" असं कानावर आलं, की एक प्रश्न जरूर विचारा. किती मॅच हरली? बहुतेक वेळा उत्तर येईल, एक. जून-जुलैपासून पावसात, चिखलात सराव, आणि खेळायला मिळाली एकच मॅच. याला हरलेला सीझन म्हणायचं तरी कसं? सीझन झालाच कुठे?

याचं कारण आहे बाद पद्धत. साधा हिशोब करू. समजा 16 संघ आले. बाद पद्धतीत एकूण 15 सामने होतात आणि 8 संघ पहिल्याच मॅचनंतर घरी जातात. म्हणजे ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच सगळ्यात कमी खेळायला मिळतं. गणितात नापास झालेल्या मुलाला आपण "आता वर्षभर गणित सोडवू नकोस" असं सांगतो का? त्याच 16 संघांचे चार गट करून साखळी सामने घेतले, तर उपांत्य आणि अंतिम धरून 27 सामने होतात. म्हणजे 12 सामने जास्त, पण प्रत्येक संघाला किमान तीन मिळतात.

आपल्या जिल्ह्यात तर हे जास्तच बोचतं. क्षेत्रफळाने आपला अहिल्यानगर राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, तालुके 14. अकोल्याहून नगर शंभर किलोमीटरच्या वर. पोरं पहाटेच्या एसटीने निघतात, तास-दीड तासात हरतात आणि रात्री घरी पोचतात. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी विचारतं, "किती गोल खाल्ले?" पुढच्या वर्षी त्यातली निम्मी मैदानाकडे फिरकत नाहीत. मुलींचा संघ असेल तर तो पुन्हा उभा राहणं आणखी अवघड.

आता मोठ्या फुटबॉलकडे बघा. 2015-16 च्या आय-लीगमध्ये 9 संघ होते. पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स शेवटचा आला आणि त्याच्या वर, आठवा, मिझोरामचा आयझॉल. आयझॉलची तर खालच्या श्रेणीत रवानगी झाली होती. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्यांना परत घेतलं. अनेक वर्षं मुंबई एफसी सांभाळलेले खालिद जमील तिथे प्रशिक्षक झाले आणि 2017 मध्ये आयझॉल चक्क विजेता ठरला! गंमत म्हणजे त्याच सीझनमध्ये मुंबई एफसी तळाला गेली. अशी कलाटणी क्वचितच मिळते, ती दाखवून मुलांना स्वप्नं विकू नयेत. मुद्दा वेगळा आहे. आयझॉल आठवा आला त्या वर्षीसुद्धा तो 16 सामने खेळला होता. कुठे कमी पडतो, हे कळायला तेवढे सामने लागतात. एका मॅचवरून फार तर गोलकीपरला शिव्या देता येतात.

पालक म्हणतील, सर, सर्टिफिकेटचं काय? प्रश्न रास्त आहे. नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण पदक बघतं, नुसता सहभाग नाही. पण पदकाच्याच हिशोबाने मुलं पाठवायची, तर जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांनी बूट घालायलाच नकोत. बारावीचं वर्ष म्हणून खेळ बंद करणाऱ्यांनी एवढंच बघावं, की तो वाचलेला वेळ अभ्यासात जातोय की मोबाईलमध्ये.

विद्यापीठ किंवा क्रीडा कार्यालय पद्धत बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपणच शेजारच्या कॉलेजला फोन करू शकतो. संगमनेर-अकोले वीस-पंचवीस किलोमीटर. लोणी, राहाता, कोपरगावही एकमेकांपासून फार लांब नाहीत. चार कॉलेजांनी दिवाळीनंतरच्या रविवारी आपापसात साखळी खेळायची. प्रत्येक मॅचनंतर मुलांनीच वहीत लिहायचं: गोल कितव्या मिनिटाला बसला, कॉर्नरवर की चालू खेळात, तेव्हा आपला माणूस कुठे होता. शेवटच्या पंधरा मिनिटांतच गोल बसत असतील तर दम कमी पडतोय. कॉर्नरवर बसत असतील तर कुणी कुणाला धरायचं हेच ठरलेलं नाही. दोन्हींवर इलाज वेगळा.

खर्च किती? बॉल, चुन्याच्या रेषा, शिट्टीवाला एक माणूस आणि एसटीचं भाडं. भाड्याची अडचण खरी आहे. त्यासाठी प्राचार्यांकडे जिमखाना फीचा विषय काढा, ती फी हरलेल्या मुलांनीही भरलेली असते.