मुंबई पाहायची, तर तिथी पाहून

फलाटावरून | साप्ताहिक सदर

परवा रात्री आमच्या गल्लीतल्या एका घरी मला यादी तपासायला बोलावलं होतं. वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात चौदा ठिकाणं. गेटवेपासून सुरुवात, शेवटी जुहू, मध्ये घारापुरी, राणीबाग, सिद्धिविनायक, हाजी अली, तारांगण, चैत्यभूमी आणि कुठलासा मॉल. माणसं पाच, सर्वांत लहान सात वर्षांचा, सर्वांत मोठी बहात्तर वर्षांची आणि गुडघ्यांनी अधू. दिवस चार. "बसते का सारं?" गृहस्थांनी विचारलं. मी दर आठवड्याला रेल्वेवर लिहितो, म्हणून मला मुंबईचंही कळतं असा गल्लीचा समज आहे. मी तो मोडत नाही.

गोंदियाहून केलेल्या सहलीचे चार दिवस मुंबईत दोनच उरतात. विदर्भ एक्सप्रेस इथून दुपारी तीनच्या सुमारास सुटते आणि सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला टेकते. परतीची तिथून संध्याकाळी सातच्या आसपास निघते, दुसऱ्या दिवशी साडेदहा-अकराला आपण घरी. म्हणजे शुक्रवारी निघालात तर मुंबई शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ. छत्तीस तास. त्यातून रात्र गेली, आंघोळी गेल्या, आजींची दुपारची डुलकी गेली, लहानग्याचं "मले भूक लागली" गेलं. उरलेल्या पंधरा-सोळा तासांत चौदा ठिकाणं म्हणजे दर ठिकाणी तासभर, तोही वाटेतल्या प्रवासासकट. म्हणून बेत परतीच्या गाडीपासून उलटा मांडत यावा.

तिकिटाचं आधी सांगून टाकतो. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. पूर्वी 120 होते. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट पोळा-गणपतीच्या सुमारास काढावं लागतं, जेव्हा धान बांधीत उभा असतो आणि हाती पैसा नसतो. शिवाय दिवाळीआधी मुंबईहून इकडे येणाऱ्यांची झुंबड, भाऊबीजेनंतर इकडून तिकडे परतणाऱ्यांची. तुम्ही कधीही निघा, एक फेरी गर्दीच्या तोंडी सापडतेच. त्यापेक्षा मळणी आटोपल्यावर जानेवारीतला एखादा शनिवार-रविवार गाठावा. मुंबईची हवाही तेव्हाच काय ती माणसात असते. जाण्याचं तिकीट हाती आलं की घरात पेढे वाटल्यागत होतं, पण परतीचं दोन दिवसांनी उघडतं हे विसरू नका. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं.

दुसरी गोष्ट सुट्ट्यांची. घारापुरी सोमवारी बंद. राणीबाग बुधवारी. हे मला कसं माहीत? एका बुधवारी दोन मुलं, एक पिशवी आणि पाण्याच्या तीन बाटल्या घेऊन मी त्या फाटकासमोर उभा होतो. पेंग्विन आत, आम्ही बाहेर. चूक संपूर्ण माझी. मुलं अजून आठवण करून देतात. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, त्या दिवशी दूरचा बेत लोकलच्या भरवशावर ठेवू नये. आता मात्र भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर 2025 पासून ती आरे ते कफ परेड पूर्ण धावते, सीएसएमटीला चढलात की सिद्धिविनायक आणि दादर एका दमात. आजींना लोकलच्या गर्दीत ढकलण्याची गरज नाही.

यादीवर काट मारायला बसलो. घारापुरी आधी गेली. लेणी बघण्यासारखी आहेत, यात वाद नाही. पण बोटीत तास जायला, तास यायला, वर शे-सव्वाशे पायऱ्या, आणि घरात तो गुडघा. मॉल गेला, मॉल नागपुरातही आहे. चैत्यभूमी राहिली. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचं मुंबईला जाण्याचं खरं कारण तीच, बाकीची मुंबई तिच्या निमित्तानं दिसते. फक्त 6 डिसेंबरला तिथे अभिवादनाला जावं; त्या गर्दीत सहल घुसवू नये. आणि एक नाव मी यादीत स्वतःच वर लिहिलं: सीएसएमटी. 1878 मध्ये काम सुरू झालेली, 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेली इमारत, आणि आपली माणसं तिच्यातूनच उतरून, तिच्याकडे पाठ करून टॅक्सीमागे धावतात. रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. नवेगाव-नागझिऱ्याच्या पोराला दगडातला वाघही बघू द्या. तिकीट नाही.

आता खरा मुद्दा. गोंदियाच्या मुलाला मुंबईत नवं काय आहे? उंच इमारती त्यानं मोबाईलवर पाहिल्यात. समुद्रही पाहिलाय, पण जागचा हलणारा समुद्र पाहिलेला नाही. आपण तलावांच्या मुलखातले. नवेगावबांधचं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं, ते महिन्यांच्या हिशेबानं. सकाळी पायाशी असलेलं पाणी दुपारी हाकेच्या अंतरावर गेलेलं पाहण्याची आपल्याला सवयच नाही. नकाशावर पट्टी ठेवली तर आपल्याला विशाखापट्टणमचा समुद्र मुंबईपेक्षा जवळ पडतो, पण रेल्वे आणि राज्य दोन्ही आपल्याला पश्चिमेला नेतात, तेव्हा समुद्र म्हणजे मुंबईचाच. माझ्या आईनं तो साठीनंतर पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "येवढं पाणी, अन् प्यायले घोटभर नाही!"

या समुद्राला वेळापत्रक आहे, आणि ते घरातल्या भिंतीवर टांगलेलं असतं. कोकणातले जाणते लोक तोंडी हिशेब करतात: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ आली. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला तेवढं पुरे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. त्यामुळे पुनवेच्या संध्याकाळी चौपाटी रुंद मिळते, पोरांना पळायला वाळूच वाळू; अष्टमीच्या संध्याकाळी पाणी वर चढलेलं असतं आणि वाळू आखडलेली. उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या पुढेमागे. हाजी अलीची वाट तर भरतीत पाण्याखालीच जाते, तेव्हा हिशेब न करता गेलात तर लांबूनच हात जोडायचे. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की तिची बातमी होते. तेव्हा काठापासून दूर राहिलेलं बरं.

शहर पाहण्याचं सगळं नियोजन मोबाईल हाती असलेला माणूस करतो, आणि सर्वांत जास्त चालावं लागतं त्या दोघांना, आजीला आणि नातवाला, कुणी विचारत नाही. इथे मात्र तिथी आली, आणि तिथीचा विषय आजींचा. त्यांनी चष्मा लावला, सून कालनिर्णय काढून घेऊन आली. ठरवलेल्या शनिवारी त्रयोदशी निघाली. तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार: पावणेदहा. सकाळी पावणेदहाला भरती, मग पाणी उतरत उतरत चारच्या सुमारास पार ओहोटी, आणि तिथून पुन्हा चढण.

यादीत शेवटी चार ठिकाणं उरली. शनिवारी सकाळी सीएसएमटी बाहेरून, मग खोलीवर आराम. दुपारी काहीही नाही, हे मी जाड अक्षरात लिहून दिलं. साडेचारला गिरगाव चौपाटी, नातवाचा हात धरून, पाणी परत येताना बघायला. रविवारी चैत्यभूमी आणि वेळ उरला तर सिद्धिविनायक. सहाला सामानासह फलाटावर.

– फलाटकर