बोटुकली सोडण्याआधी थांबा

कावेरीतला कुबडवाला महसीर पन्नास किलोच्या वर जायचा. १९४६ साली काबिनी नदीत गळाला लागलेला एक तर १२० पौंड भरला. त्याच्यासाठी देशोदेशीचे शौकीन गळ घेऊन यायचे. आणि एवढा गाजलेला मासा नेमका कोणत्या जातीचा, हे २०१८ पर्यंत ठरलेलं नव्हतं!

नावच नाही, तर तो कमी झाला म्हणून ओरडायचं कोणी? नाव ठरण्याच्या कितीतरी आधी, १९७०-८०च्या दशकांत, कावेरीत लोणावळ्याहून महसीरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण सोडलेला तो आपला दख्खनचा महसीर. साइक्स साहेबाने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला म्हणून ज्याची नोंद केली, तो. पाहुणा कावेरीत रुळला, वाढला. घरचा मासा मागे हटत गेला. गळाला महसीर लागतोय ना, मग सगळे खूश.

पुढे भवानीला मिळणाऱ्या मोयार नदीत, जंगलाच्या आडोशाला, कुबडवाले मासे अभ्यासकांच्या हाती लागले. डोक्यामागून चढत गेलेली पाठ, परांवर नारिंगी झाक. केरळातल्या पांबार नदीतून २००७ मध्ये ‘टॉर रेमादेवी’ नावाने नोंदलेला मासा तो हाच, असं ताडून पाहिल्यावर निघालं. २०१८ मध्ये नाव पक्कं झालं आणि त्याच वर्षी तो जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. बारसं आणि अतिदक्षता विभाग एकदमच!

आपल्याकडे महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे म्हणून मासे राखले गेले. पण त्या डोहाच्या वर-खाली कोणते मासे आहेत? तुमच्या गावच्या ओढ्यात?

मृगाच्या पावसात वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध निघालेले, मासे चढतील. अनोळखी मासा दिसला तर कालवणाची घाई नको. हात ओले करून धरा, शेजारी पट्टी ठेवून बाजूने फोटो काढा, मासा पाण्यात सोडा. गावातल्या जुन्या भोयांना, कातकऱ्यांना त्याचं नाव विचारा. त्यांना ते बहुधा ठाऊक असतं, आपण विचारत नाही एवढंच. ती नोंद जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागात द्या. जिलेटिनचा तोटा किंवा ब्लीचिंग पावडर घेऊन कोणी नदीवर निघाला तर चारजण मिळून अडवा. आणि कुणाच्या वाढदिवसाला बाहेरची बोटुकली नदीत सोडायचा बेत असेल, तर तो आजच मोडा.

फोटोखाली तारीख आणि नदीचं नाव लिहायला मात्र विसरू नका.