प्रश्न वेगळा, पुरावाही वेगळा

१९२८ साली आजच्याच तारखेला, २८ फेब्रुवारीला, कोलकात्यात बहुबाजार रस्त्यावरच्या एका संस्थेत चंद्रशेखर व्यंकट रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी द्रवातून विखुरलेल्या प्रकाशातला रंगबदल निश्चित केला. दोन वर्षांत रामन यांना नोबेल मिळाले. १९८७पासून हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. आज शाळाशाळांतून रामन यांच्या तसबिरीला हार घातला जाईल, मुले प्रयोग मांडतील, आणि ते व्हायलाच हवे. पण हा शोध ज्या संस्थेत लागला ती कोणी उभी केली, हे फारसे सांगितले जात नाही. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था १८७६ साली महेंद्रलाल सरकार यांनी लोकांकडून देणग्या गोळा करून काढली. सरकार पेशाने डॉक्टर होते. एका डॉक्टरने लोकांच्या पैशातून उभी केलेली प्रयोगशाळा, तिथे बावन्न वर्षांनी लागलेला भौतिकशास्त्रातला शोध, आणि आज खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात त्याच रामन परिणामाच्या आधारे तोंडाचा कर्करोग लवकर ओळखता येईल का, याचा झालेला अभ्यास, अशी ही साखळी आहे. १९२८ साली कोणी रामन यांना अर्जातला ‘अपेक्षित उपयोग’ हा रकाना भरायला लावला असता, तर त्यात तंबाखू हा शब्द येण्याची काहीच शक्यता नव्हती.

विज्ञान दिनाच्या भाषणांत ‘संशोधन’ हा शब्द एकवचनी वापरला जातो. प्रत्यक्षात संशोधनाच्या जाती अनेक आहेत. प्रत्येकीचा प्रश्न वेगळा, हत्यार वेगळे, लागणारा वेळ वेगळा, आणि खरे काय हे ठरवण्याची रीतही वेगळी. आपल्या विद्यापीठांनी आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत या सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली आहे. त्यातून झालेले नुकसान मोठे आहे आणि ते अजून थांबलेले नाही.

आधी गडचिरोलीकडे पाहू. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ या आरोग्य संस्थेचे काम सुरू केले, तेव्हा लहान मुलांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा होता. न्यूमोनिया ओळखण्याची खूण साधी आहे: बाळ मिनिटाला किती श्वास घेते ते मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाने साठ किंवा जास्त श्वास घेतले, तर धोका समजायचा. पण हे मोजणार कोण? गावात दाई होती, तिच्या हाताला अनुभव होता, बाळाच्या आईचा तिच्यावर विश्वास होता. मात्र ती शाळेत गेलेली नव्हती आणि दहा-बाराच्या पुढे तिची मोजणी अडखळत असे. त्यावर एक साधे लाकडी साधन तयार झाले. एक मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर हात गेला, तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचे.

हे साधन क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहावे. त्यात वैद्यकशास्त्र आहे, कारण साठ हा आकडा जगभरच्या निरीक्षणांतून आला. त्यात शिक्षणशास्त्र आहे, कारण शिकणाऱ्या बाईला काय येते इथून ते सुरू होते, काय येत नाही याची यादी करत बसत नाही. आणि त्यात कारागिरी आहे. विद्यापीठाच्या कोणत्या विभागाने हे काम आपले म्हणायचे?

पुढे नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा मोठा प्रयोग झाला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरोघरी जात, आणि तुलनेसाठी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले आणि १९९९च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला. पुढे ही पद्धत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात आली आणि आशा कार्यकर्त्यांच्या हाती गेली. आरोग्याच्या संशोधनात पुरावा असा गावांची तुलना करून, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू वहीत लिहून जमवावा लागतो. त्याला प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीचा वेग मिळत नाही.

दुसरे उदाहरण अगदी उलट टोकाचे आहे. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि पोरे काही तासांत दगावत होती. गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीस-चाळीस जण वाचत नसत. बावस्करांजवळ विभाग नव्हता, सहायक नव्हते, अनुदान नव्हते. ते रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसले आणि नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात साचणारे पाणी असा क्रम तासातासाने टिपत गेले. हृदयावर ताण कसा येतो हे त्यातून उलगडले आणि रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध त्यांनी या विषावर वापरून पाहिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा एक-दोनापर्यंत खाली आले. इथे पुरावा एका माणसाच्या जागरणातून उभा राहिला; मोठ्या चाचण्या नंतर आल्या. जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांनी हे काम छापले. तरीही संस्थांच्या क्रमवारीच्या तक्त्यात बिरवाडीच्या आरोग्य केंद्राला कुठेच जागा नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

काही प्रश्नांना पिढीभराचा वेळ द्यावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे बारीक, हे तर कोणीही सांगितले असते. पण त्वचेची घडी चिमटीत धरून मोजल्यावर कळले की हातपाय काटकुळे असले, तरी अंगातली चरबी तितकीशी कमी नाही. मधुमेहाची पायवाट आईच्या पोटातच सुरू होते का, हा प्रश्न त्या चिमटीतून पुढे आला. आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी असल्याचेही याच अभ्यासातून दिसले. ती बाळे आता तिशीत आली आहेत आणि त्यांच्यावरचा अभ्यास पुढे चालत राहिला. अशा कामाला पहिल्या तीन वर्षांत ‘निष्पत्ती काय’ असे विचारले असते, तर ते तिथेच संपले असते.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदचीही तीच गोष्ट. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तिथे रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहिल्या. भरीव पत्र्याऐवजी तारांची जाळी वापरल्यामुळे त्या आपल्याला परवडणाऱ्या झाल्या. जून २०२३मध्ये विश्वात पसरलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर झाल्या, तेव्हा युरोपातल्या दुर्बिणींच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींना खोडदच्या नोंदींची जोड होती. याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याने पुन्हा एकदा रामन आणि खारघर यांच्यातले अंतर मोजावे.

आता शिक्षणाकडे वळू, कारण तिथे आपण सर्वांत जास्त अन्याय करतो. शाळा सगळ्यांनी पाहिलेली असते, म्हणून शिक्षणावर मत सगळ्यांकडे असते आणि संशोधनाची गरज कोणाला वाटत नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झाले, ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली. त्याचे संस्थापक-संचालक व्ही. जी. कुलकर्णी हे भौतिकशास्त्रज्ञ होते. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यात आणि नंतर मुंबईत महापालिका शाळांतल्या दलित विद्यार्थ्यांबरोबर या केंद्राने जे काम केले, त्यातून एक गोष्ट ठळकपणे समोर आली: मुले विज्ञानात मागे पडतात तेव्हा अनेकदा त्यांची बुद्धी कमी नसते, पाठ्यपुस्तकाची जड भाषा आणि न मिळालेली संधी आड येते. ही बाब प्रयोगशाळेत मोजता येत नाही. ती मुलांच्या बाकाशेजारी बसूनच मोजावी लागते.

मुंबई आणि बडोद्यातल्या ‘बालसखी’ प्रयोगाचेही तेच. तिसरी-चौथीत वाचनात आणि गणितात मागे राहिलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाची कसून पाहणी केली. मुलांची प्रगती झाली, आणि सर्वांत मागे असलेल्यांची जास्त झाली. पण बालसखी गेल्यानंतर वर्षभराने पुन्हा पाहिले, तेव्हा त्या प्रगतीचा बराचसा भाग ओसरला होता. संशोधकांनी हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. आमच्या मते शिक्षणातल्या संशोधनाचे मोल इथेच आहे. लस एकदा टोचली की काही वर्षे पुरते. शिकवणे मात्र रोज करावे लागते आणि त्याचा परिणाम रोज झिजतो. ओसरलेल्या यशाची नोंद हेदेखील ज्ञान आहे, आणि शिक्षण खात्याला त्याची यशोगाथेपेक्षा अधिक गरज आहे.

इतक्या वेगवेगळ्या कामांना आपण मोजतो कसे? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या नियमांत अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांशी जोडल्या. इतके निबंध, इतके गुण. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आलेला असण्याची अटही होती. हेतू चांगला असेल, पण परिणाम काय झाला ते पुण्यातच उघड झाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १००९ नियतकालिके तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाच्या कसोटीला उतरली नाहीत. २०१८च्या मे महिन्यात आयोगाने ४३०५ नावे यादीतून काढली. मग मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद झाली. २०२२च्या नोव्हेंबरात पीएच.डी.साठी छापील निबंधाची सक्ती गेली. हे शहाणपण उशिरा आले, पण आले, याचे स्वागत आहे.

सक्ती गेली तरी सवय गेलेली नाही. ज्याला तीन वर्षांत बढती हवी आहे, तो तीस वर्षांचा प्रश्न हाती घेत नाही. ग्रामीण महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेने आपल्या तालुक्यातल्या मुलींची शाळा सातवीनंतर का सुटते याचा शोध मराठीत लिहिला, तर तिच्या वाट्याला गुण येतील याची खात्री नाही. पैसे भरून कुठल्यातरी अंकात इंग्रजी चार पाने छापली, तर येत असत. याने दर्जा वाढत नाही, आणि तालुक्याचा प्रश्न तसाच राहतो.

पैशाचेही तसेच आहे. २०२०-२१ साली देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के इतकाच खर्च आपण संशोधन आणि विकासावर केला. रक्कम वाढलीच पाहिजे. पण वाढलेली रक्कमही दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांत वाटली गेली, तर पुण्याजवळच्या त्या सहा गावांसारखे काम पुन्हा उभे राहणार नाही. वीस वर्षे चालणाऱ्या अभ्यासांसाठी वेगळा निधी हवा. फसलेल्या प्रयोगांचे अहवाल छापायची सोय हवी. शाळेत, दवाखान्यात, गावात जाऊन केलेल्या कामाचे परीक्षण त्या कामाच्या जातकुळीप्रमाणे, ते काम स्वतः केलेल्या माणसांनी करायला हवे. खगोलशास्त्रज्ञाने दाईच्या प्रशिक्षणाला गुण देऊ नयेत, आणि डॉक्टरने खोडदच्या अँटेनांना.

आणखी एक गोष्ट आहे. कालच, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा केला. राज्यातल्या विद्यापीठांतले आरोग्य आणि शिक्षणावरचे किती तरी प्रबंध मराठी बोलणाऱ्या माणसांकडून माहिती घेऊन लिहिले जातात. ज्या बाईने आपल्या बाळाचे वजन करू दिले, ज्या शिक्षकाने आपल्या वर्गात परक्या माणसाला बसू दिले, त्यांना निष्कर्ष काय निघाला हे क्वचितच कळवले जाते. प्रबंध इंग्रजीत ग्रंथालयात जातो आणि गावाला तो कधी दिसत नाही. माहिती जिथून घेतली, त्या शाळेला, ग्रामपंचायतीला किंवा आरोग्य केंद्राला दहा-पंधरा पानांचा मराठी अहवाल नेऊन दिला आणि तो तिथे वाचून दाखवला, अशी नोंद असल्याशिवाय पीएच.डी.ची मौखिक परीक्षा ठेवू नये, असा नियम करता येईल. त्याचे श्रेय गुणांत धरता येईल. त्यासाठी नवा कायदा नको, विद्या परिषदेचा ठराव पुरेसा आहे. मार्चमध्ये बहुतेक विद्यापीठांच्या अधिसभा अर्थसंकल्पासाठी भरतात. अशा अहवालांच्या छपाईसाठी आणि संशोधकाच्या गावापर्यंतच्या प्रवासासाठी एक तरतूद त्या अर्थसंकल्पात करावी, ही आमची मागणी आहे.