अनिवार लैंगिक वर्तन : दोष, विकार आणि उपचार

जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी मे २०१९मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती संमत केली आणि १ जानेवारी २०२२पासून ती अमलात आली. तीत ‘अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार’ अशी नोंद आहे. आधीच्या आवृत्तीत ‘अतिरिक्त कामेच्छा’ असे मोघम नाव होते. आता भर इच्छेच्या प्रमाणावर नसून सुटलेल्या संयमावर आहे. ज्या विषयाचा उच्चार आपल्या घरांत आणि धर्मग्रामांतही सहसा होत नाही, त्याकडे पाहण्याच्या दृष्टीतला हा बदल भाविकांनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

या विकाराची लक्षणे स्पष्ट आहेत. लैंगिक आवेग आवरण्यात मनुष्य वारंवार अपयशी ठरतो. त्यापायी तो आरोग्य, कामधंदा व जबाबदाऱ्या यांची हेळसांड करतो. थांबण्याचे अनेक प्रयत्न फसतात. हानी दिसत असूनही, किंवा त्यात आनंद उरला नसतानाही, ते वर्तन चालूच राहते. हे सारे सहा महिने वा त्याहून अधिक काळ चालून जीवन विस्कटू लागले, तरच त्यास विकार म्हणावे. केवळ नैतिक अपराधीपणामुळे होणारी मनाची तगमग हा निदानाचा पुरेसा आधार नाही, असेही वर्गीकरणात बजावले आहे. म्हणजेच एखाद्या तरुणास आपल्या कृत्याची लाज वाटते, एवढ्यावरून तो रुग्ण ठरत नाही.

याविषयी तज्ज्ञांत पूर्ण एकमत नाही, हेही नमूद केले पाहिजे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या आपल्या नियमावलीत असा विकार समाविष्ट केला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही तो व्यसनांच्या गटात न ठेवता आवेगनियंत्रणाच्या विकारांत ठेवला आहे. मद्याचे व्यसन व हा विकार एकच, असे म्हणण्याची घाई म्हणूनच करू नये.

मग हे पाप की आजार? हा प्रश्नच अपुरा आहे. ख्रिस्तसभेची शिकवण कृतीला अयोग्य ठरवते, परंतु जडलेली सवय, चिंता आणि इतर मानसिक वा सामाजिक कारणे यांमुळे व्यक्तीची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, हेही ‘कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझम’मध्ये स्पष्ट म्हटले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२२मध्ये रोम येथे शिकणाऱ्या धर्मगुरूंशी व गुरुविद्यार्थ्यांशी बोलताना, इंटरनेटवरील अश्लीलतेचा मोह धर्मगुरू व धर्मभगिनींनाही जडतो, हे उघडपणे सांगितले. हा प्रश्न ‘इतरांचा’ मानून हात झटकण्याची सोय त्यामुळे कोणालाच उरली नाही.

प्रायश्चित्त संस्कारातून क्षमा व धीर मिळतो. उपचारांचे काम मात्र वेगळे आहे. दर आठवड्यास तेच निवेदन करणाऱ्यास केवळ ‘अधिक प्रार्थना कर’ असे सांगून परत पाठविले, तर त्याच्या पदरी निराशाच पडते. प्रार्थनेबरोबरच डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला देणारा धर्मगुरू त्याला खरा आधार देतो.

उपचारांत मानसोपचार प्रमुख आहेत. एकांत, जागरण, मद्य, अपमान, रितेपणा यांपैकी कशामागून आवेग उसळतो, हे रुग्ण ओळखू लागतो आणि त्या क्षणी दुसरी वाट धरण्यास शिकतो. नैराश्य वा चिंताविकार सोबत असल्यास त्यावरही औषधोपचार होतात. कंपवातावरील काही औषधांनीही असे वर्तन उद्भवू शकते. उतारवयातील माणसात अचानक बदल दिसला तर त्याला दूषणे देऊ नयेत. औषधे स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सर्व सांगावे.

मदत कोठे मिळेल? केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य सल्ला मिळतो. मोबाईल व इंटरनेटच्या अतिवापरासाठी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४पासून स्वतंत्र चिकित्सालय आहे. ‘लोकांना कळेल’ या भयाने अनेकजण थांबतात. मात्र मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा आपल्याकडील जुना उपाय. तो उपाय नव्हे, एका निरपराध मुलीवर लादलेले ओझे आहे. विवाहानंतर सत्य उघड झाल्यास पत्नीचा विश्वासभंग होतो. तिला ‘सांभाळून घे’ एवढेच सांगणे अन्यायाचे आहे. तिलाही समुपदेशनाची गरज असते, आणि पतीच्या वर्तनाची जबाबदारी तिच्यावर मुळीच येत नाही.

एक सीमारेषा मात्र ठाम असावी. दुसऱ्याच्या संमतीविना केलेले वर्तन आणि बालकांचे लैंगिक शोषण हे गुन्हे आहेत. बालकांची अश्लील चित्रफीत पाहणे वा बाळगणेही कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. विकाराचे नाव पुढे करून अशा कृत्यांवर पांघरूण घालता येणार नाही.

मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांकडे आपला समाज आज पूर्वीपेक्षा समजुतीने पाहतो. तीच समजूत या दुखण्यालाही लाभावी. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत व युवकांच्या मेळाव्यांत एखाद्या मनोविकारतज्ज्ञास बोलावून धर्मग्रामांनी त्याचा प्रारंभ करावा, अशी आमची विनंती आहे.