अशक्तपणा वयाचा की स्नायूंचा?

खुर्चीतून उठताना हात टेकावे लागणे, जिना चढताना कठडा धरावा लागणे, केस विंचरताना हात वर न राहणे या तक्रारींची ‘आता वय झाले’ असे म्हणून बोळवण केली जाते. परंतु वार्धक्याचा अशक्तपणा वर्षानुवर्षे सावकाश येतो. काही आठवड्यांत वा महिन्यांत दोन्ही मांड्या आणि खांदे दुबळे होऊ लागले, तर स्नायूंच्या दाहाचा, म्हणजेच मायोसायटिसचा, विचार व्हायला हवा.

त्यासाठीची पहिली रक्ततपासणी साधी आहे : सीपीके. हे विकर, म्हणजे एन्झाइम, स्नायूंच्या पेशींत असते. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. तीव्र दाहात त्याचे प्रमाण सामान्य मर्यादेच्या १० पट वा त्याहूनही अधिक होऊ शकते.

येथे एक गफलत संभवते. एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरे यकृताप्रमाणे स्नायूंतही असतात. ती वाढली की दोष यकृताच्या माथी मारला जातो. सोबत अशक्तपणा असेल, तर ‘सीपीके पाहिले का?’ असे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

अर्थात, वाढलेले सीपीके म्हणजे मायोसायटिसच असे नव्हे. पडणे, अतिश्रम, स्नायूत घेतलेले इंजेक्शन, थायरॉइडची कमतरता किंवा कोलेस्टेरॉलसाठीचे स्टॅटिन यांनीही ते वाढते. उलट, त्वचेवर पुरळ येणाऱ्या डर्माटोमायोसायटिसमध्ये, तसेच पन्नाशीनंतर मांड्या व बोटांची पकड क्षीण करणाऱ्या इन्क्लूजन बॉडी मायोसायटिसमध्ये ते सामान्यही असू शकते. ईएसआर सामान्य आला, तरी निर्धास्त होऊ नये.

पुढची पायरी प्रतिपिंडांच्या तपासण्यांची. अँटी-जो-१ आढळल्यास फुप्फुसांकडे लक्ष द्यावे लागते. टीआयएफ-१ गॅमा आढळल्यास प्रौढांत कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो. निदान पक्के करण्यासाठी ईएमजी, एमआरआय किंवा स्नायूची बायोप्सी लागू शकते.

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना विनंती अशी, की अशक्तपणा केव्हा सुरू झाला, कोणते काम जमेनासे झाले आणि कोणती औषधे चालू आहेत, याची टिपण करून सोबत न्यावी. स्टॅटिन परस्पर बंद करू नये. मात्र घास गिळताना अडकत असेल किंवा धाप लागत असेल, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.